नातवंडाच्या अहवालातील ती लहानशी गाठ

दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका दुपारी कराडकडचे एक निवृत्त शिक्षक आपल्या तेरा वर्षांच्या नातीला घेऊन माझ्याकडे आले. मुलीचे आईवडील दोघेही नोकरीला, त्यामुळे दवाखान्याच्या फेऱ्या आजोबांकडे. हातात कापडी पिशवी, पिशवीत एमआरआयची मोठी पाकिटे, आणि अहवालाच्या कागदावर एका ओळीखाली लाल शाईने दोनदा ओढलेली रेघ. त्या ओळीत लिहिले होते, की पीयूषिका ग्रंथीच्या उजव्या भागात ४ मिलिमीटरचा एक ठिपका दिसतो आणि तो ‘मायक्रोअ‍ॅडिनोमा’ असण्याची शक्यता आहे. मुलीला त्यांनी बाहेर बाकावर बसवले, दार लोटून घेतले आणि हलक्या आवाजात विचारले, “डॉक्टर, तिला काही सांगितलेले नाही. हा कॅन्सर आहे का?”

मुलगी शाळेच्या कबड्डीच्या संघात होती. डोक्याला धक्का लागेल या भीतीने दोन महिने तिचा खेळ बंद होता. आजी तिचे केसही जपून विंचरत असे. घरातली मोठी माणसे रात्री दार लावून बोलत, आणि आपल्याबद्दलच काही तरी बोलणे चालले आहे हे त्या मुलीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

असे आजोबा आणि अशा आज्या अलीकडे वरचेवर भेटतात. मुलाचे डोके दुखते, चक्कर येते, खेळताना मार लागतो; एमआरआय काढला जातो. ज्याच्यासाठी काढला ते कारण सापडत नाही, पण कोपऱ्यात भलतेच काही तरी दिसते. नातवंडांची काळजी वाहणाऱ्या वाचकांसाठी म्हणून आजचे हे सदर त्या ‘भलत्याच’ गोष्टीबद्दल.

पीयूषिका, म्हणजे आपण जिला पिट्युटरी म्हणतो ती ग्रंथी, मटारच्या दाण्याएवढी असते. वजन साधारण अर्धा ग्रॅम. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी हाडाची एक लहान खोबण आहे. तिचा आकार खोगिरासारखा, म्हणून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी तिला ‘तुर्की खोगीर’ असे नाव दिले. त्या खोगिरात ही ग्रंथी बसलेली असते. उंची वाढवणारे संप्रेरक तिच्यातून येते. थायरॉइड, अधिवृक्क आणि जनन ग्रंथी तिच्याच आज्ञेने चालतात, आणि शरीरातील पाणी राखणारे संप्रेरकही तिच्या मागच्या भागातून सुटते. तिच्या बरोबर वर, काही मिलिमीटरच्या अंतरावर, दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिचेता एकमेकींना छेदून जातात. येथल्या गाठीची चिंता करावी ती याच दोन कारणांसाठी: गाठ स्वतः संप्रेरके वाढवून सोडू लागली तर, किंवा आकाराने वाढून शेजाऱ्यांना दाबू लागली तर. तिसरी भीती, म्हणजे कर्करोगाची, येथे जवळपास गैरलागू आहे. अ‍ॅडिनोमा ही साधी गाठ होय. ती शरीरात इतरत्र पसरणे अतिशय दुर्मीळ. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या गाठींना ‘पिट्युटरी न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ असे लांबलचक नवे नाव मिळाले आहे. कागदावर ते वाचून पोटात गोळा येतो. पण नाव बदलल्याने गाठीचा स्वभाव बदललेला नाही.

१० मिलिमीटरपेक्षा लहान गाठीला ‘मायक्रो’ म्हणतात. जिच्यातून कोणतेही संप्रेरक जादा प्रमाणात स्रवत नाही ती ‘नॉन-फंक्शनिंग’. मराठीत तिला निष्क्रिय गाठ म्हणू. इतर कारणांनी निधन पावलेल्या प्रौढांच्या शवविच्छेदनांत साधारण दहांपैकी एकाच्या पीयूषिकेत अशी बारीक गाठ आढळलेली आहे. आयुष्यभर तिने त्यांना काही केले नव्हते, आणि ती आहे हे त्यांना कधी कळलेही नव्हते. मी आजोबांना म्हटले, “आत्ता तुमच्या डोक्याचा एमआरआय काढला, तर तुमच्याकडेही अशीच एखादी निघू शकेल.” ते हसले नाहीत, पण खुर्चीत थोडे मागे टेकून बसले.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. प्रौढांचा हिशेब मुलांना जसाच्या तसा लावता येत नाही. मुलांमध्ये पीयूषिकेच्या गाठी मुळात कमी. बालवयातील मेंदूच्या सर्व गाठींमध्ये त्यांचा वाटा जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास. आणि ज्या प्रत्यक्ष त्रास देऊन उघडकीला येतात, त्यांतील बहुतेक निष्क्रिय नसतात. किशोरवयात प्रोलॅक्टिन वाढवणारी गाठ सर्वांत अधिक आढळते, तर त्याहून लहान मुलांमध्ये कॉर्टिसॉल वाढवणारी. म्हणून मुलाच्या बाबतीत ‘निष्क्रिय’ हे विशेषण एमआरआयचा फोटो पाहून देता येत नाही. रक्त तपासून, मुलाची उंची मोजून, त्याचे वयात येणे पाहून ते सिद्ध करावे लागते. एमआरआयचा अहवाल लिहिणाऱ्याने मुलाला पाहिलेलेच नसते. त्याने शक्यता लिहिली, निदान नव्हे. आणि ‘शक्यता’ हा शब्द लाल रेघेखाली हमखास दिसेनासा होतो.

त्याआधी आणखी एक प्रश्न असतो: दिसते ती खरोखर गाठ आहे का? वयात येताना ही ग्रंथी सर्वांचीच फुगते. लहानपणी तिची उंची साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते. वयात येणाऱ्या मुलीत ती १० मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि वरची बाजू घुमटासारखी गोलसर दिसते. हे आजाराचे नव्हे, वयाचे लक्षण. काही मुलांत गर्भावस्थेतील एका कप्प्याचा अवशेष पाण्याच्या फोडासारखा राहून जातो. त्याला राथके सिस्ट म्हणतात, आणि तोही बहुधा निरुपद्रवी असतो. दोन-तीन मिलिमीटरचे ठिपके तर कधी कधी यंत्राचाच खेळ असतात. डोक्याच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये साधारण ५ मिलिमीटर जाडीचे काप घेतात. मटाराएवढ्या ग्रंथीसाठी ते फार जाड. म्हणून शंका आली, की केवळ पीयूषिकेसाठी पातळ कापांचा आणि शिरेतून औषध देऊन केलेला वेगळा एमआरआय लागतो. निरोगी ग्रंथी ते औषध पटकन शोषते, गाठ मागे पडते, आणि त्या काही क्षणांतल्या फरकावरून ती ओळखू येते.

थायरॉइडचा मुद्दा मी थोडा लांबवणार आहे, कारण त्याचा विसर पडल्याने होणारा घोटाळा मी डोळ्यांनी पाहिला आहे. नऊ वर्षांचा एक मुलगा. उंची दोन वर्षे जागच्या जागी, स्वभाव शांत, इतका शांत की शिक्षक कौतुक करीत. त्याला सतत थंडी वाजे, पोट साफ होत नसे. डोके दुखते म्हणून एमआरआय झाला. त्यात पीयूषिका फुगून १३ मिलिमीटर झालेली दिसली. एका ठिकाणी शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली. त्याच्या आजीला आपली स्वतःची थायरॉइडची गोळी ठाऊक होती, तिने विचारले, “याचे माझ्यासारखे नसेल ना?” तोवर कोणी थायरॉइड तपासलेले नव्हते. तपासले तेव्हा टीएसएच प्रयोगशाळेच्या मोजमापाच्या वरच्या टोकापलीकडे गेलेले होते. थायरॉइड कमी पडू लागले, की त्याला हाकारणारी पीयूषिका वर्षानुवर्षे ओरडून ओरडून फुगते आणि फोटोत हुबेहूब गाठीसारखी दिसते. मुलाला थायरॉक्सिन सुरू केले. सहा महिन्यांनी पुन्हा काढलेल्या एमआरआयमध्ये ग्रंथी आपल्या मूळ आकारावर आलेली होती आणि मुलगा पहिल्यांदाच कपडे आखूड होण्याची तक्रार करीत होता. त्या आजीचा प्रश्न कोणत्याही तज्ज्ञाच्या प्रश्नाइतकाच मोलाचा होता. पीयूषिकेत फुगवटा दिसला आणि टीएसएच झालेले नाही, असे असेल तर पुढची कोणतीही चर्चा करू नये.

त्या कराडच्या मुलीकडे परत येतो. तिच्या रक्ताच्या तपासण्या केल्या: प्रोलॅक्टिन, सकाळी आठचे कॉर्टिसॉल, थायरॉइडची दोन्ही मापे, वाढीच्या संप्रेरकाचा अंदाज देणारे आयजीएफ-१, आणि वयात येण्याशी निगडित संप्रेरके. सगळे ठीक, प्रोलॅक्टिन तेवढे किंचित वाढलेले. आजोबांनी घरी जाऊन मोबाइलवर वाचले, आणि रात्री त्यांचा फोन आला, की ही प्रोलॅक्टिनची गाठ आहे, तिला गोळ्या असतात असे लिहिले आहे, तर सुरू कराव्यात का. मी त्यांना उलट विचारले, की मुलीला डोकेदुखीसाठी काय काय देता. त्यांनी औषधांची नावे वाचून दाखवली. त्यांत मळमळ थांबवणारी डॉमपेरिडोनची गोळी होती, आणि आदल्या दोन दिवसांत ती चार वेळा दिलेली होती. या गोळीने प्रोलॅक्टिन वाढते. सुईच्या भीतीनेही ते थोडे वाढते. गोळी बंद केली, आठवडा जाऊ दिला, मुलीला अर्धा तास शांत पडून राहायला सांगून मग रक्त घेतले. प्रोलॅक्टिन सामान्य आले.

म्हणून तपासणीला जाताना मुलाच्या पोटात जाणारी आणि अंगाला लागणारी प्रत्येक वस्तू डॉक्टरांना सांगावी. केस गळतात म्हणून दिलेल्या बायोटिनच्या गोळ्या काही प्रयोगशाळांत थायरॉइडची मापे खोटी दाखवतात. गजकर्णासाठी दुकानातून आणलेल्या मलमांत अनेकदा तीव्र स्टेरॉइड असते. ते महिनोन्‌महिने चोळले तर अंगात शिरते, मुलाचे स्वतःचे कॉर्टिसॉल दबते, आणि वाढही खुंटू शकते. ‘मलमच तर आहे’ असे म्हणून ते सांगायचे राहते. गाठ विरघळवणारी म्हणून गावोगाव मिळणारी चूर्णे आणि काढे यांबद्दल माझे मत एका वाक्यात: मुलाला देऊ नका. त्यात काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि जी गाठ बहुधा आपण होऊन स्वस्थ राहणार आहे तिला विरघळवण्याचे श्रेय मात्र ते घेऊन जाते.

डोकेदुखीचे काय, हा आजोबांचा पुढचा प्रश्न योग्यच होता. इतकी लहान गाठ सहसा डोके दुखवत नाही. मुलीच्या आईला अर्धशिशी होती. मुलगी सकाळी काही न खाता शाळेला जात असे, आणि रात्री उशिरापर्यंत जागत असे. न्याहारी आणि झोप यांची घडी बसली, तशी डोकेदुखी निम्म्यावर आली. ज्या दुखण्याने एमआरआयच्या दारात नेले ते गेले. दारात जे सापडले ते राहिले. त्याच्यावर नजर ठेवायची होती, आणि या ‘नजर ठेवणे’ म्हणजे नेमके काय, हेच पुष्कळ कुटुंबांना कोणी समजावून सांगत नाही. त्यांना वाटते, डॉक्टर काहीच करीत नाहीत.

आकाराची नजर एमआरआयने ठेवली जाते. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०११ साली अवचित सापडलेल्या गाठींसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यानुसार १० मिलिमीटरपेक्षा लहान गाठीसाठी पहिला फेर-एमआरआय एका वर्षाने. बदल नसेल तर तीन वर्षे दर एक-दोन वर्षांनी आणि मग त्याहून विरळ. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर पहिली फेरी सहा महिन्यांनी. हा आराखडा मुख्यतः प्रौढांना समोर ठेवून केलेला आहे. मुलांसाठी वेगळा सखोल विचार २०२४ साली ब्रिटनमधील तज्ज्ञांनी ‘नेचर रिव्ह्यूज एंडोक्रिनॉलॉजी’ या नियतकालिकात मांडला. मुलांच्या संप्रेरकांचे तज्ज्ञ, प्रौढांच्या पीयूषिकेचे तज्ज्ञ, मेंदूचे शल्यविशारद यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा, यावर त्यात भर आहे. माझा स्वतःचा शिरस्ता साधारण असाच: एका वर्षाने एकदा, मग हळूहळू अंतर वाढवत, पण मूल पूर्ण वयात येऊन त्याची वाढ संपेपर्यंत दप्तर बंद करायचे नाही.

दर तीन महिन्यांनी एमआरआय काढण्याचा आग्रह धरणारी कुटुंबे मला भेटतात. भीतीपोटी तसे वाटते हे मी समजू शकतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात हे खरे. पण लहान मुलाला त्या नळीत निश्चल ठेवण्यासाठी कधी भूल द्यावी लागते, आणि शिरेतून दिल्या जाणाऱ्या गॅडोलिनियमचा अत्यल्प अंश शरीरात मागे राहतो असे आढळले आहे. त्याने अपाय झाल्याचे सिद्ध नाही. पण त्याच कारणाने २०१७ साली युरोपातील औषध नियामकांनी या गटातील काही औषधांचा वापर थांबवला. म्हणून फेरतपासणीत ते औषध खरोखर लागते आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. अनेकदा ते टाळता येते.

पहिल्या वर्षानंतर त्या मुलीचा दुसरा एमआरआय झाला तो दुसऱ्या गावी, दुसऱ्या यंत्रावर, कारण तेथे लवकर वेळ मिळाली. अहवालात लिहिले होते: ५ मिलिमीटर. आजोबांची लाल रेघ पुन्हा उमटली. गणिताच्या शिक्षकाला चार आणि पाचमधला फरक पंचवीस टक्के दिसतो. मी दोन्ही वर्षांच्या सीडी मागवून घेतल्या आणि क्ष-किरण तज्ज्ञाला दोन्ही चित्रे एकाच पडद्यावर शेजारी शेजारी लावून मोजायला सांगितली. ठिपका होता तेवढाच होता; फक्त काप वेगळ्या कोनातून गेला होता. एवढ्या लहान वस्तूत एक मिलिमीटरची तफावत मोजणाऱ्याच्या हाताचीही असते. तेव्हा अहवालाच्या कागदापेक्षा चित्रे जपून ठेवा. फिल्म चिकटतात, सीडीला ओरखडे पडतात; त्यांची प्रत घरातील तरुणांकडून संगणकावर ठेवून घ्या. आणि शक्यतो दर वेळी एकाच केंद्रात, त्याच पद्धतीने तपासणी करा.

दुसरी नजर मुलाच्या वाढीवर, आणि ही घरच्यांनी ठेवायची आहे. येथे आजीआजोबांचा हात कोणी धरू शकत नाही. दर तीन ते सहा महिन्यांनी, शक्यतो सकाळी, पायातले काढून, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर पुस्तक आडवे धरून दाराच्या चौकटीवर खूण करा आणि तारीख लिहा. चार-पाच वर्षांच्या वयापासून वयात येईपर्यंत मूल दर वर्षी साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. ते आकडे भारतीय मुलांच्या वाढ-आलेखावर मांडून घ्या. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २०१५ साली पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी सुधारित आलेख प्रसिद्ध केले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. बालरोगतज्ज्ञांकडे ते आलेख असतात.

उंची थांबली आणि वजन मात्र वाढत चालले, तर ते कॉर्टिसॉल वाढल्याचे चिन्ह असू शकते. साधारण खाऊन लठ्ठ होणारे मूल उंचीलाही चांगले असते, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा. उलट, वर्षात दोनदा चपलांचा नंबर बदलावा लागला आणि मूल वर्गातील सर्वांच्या वर गेले, तर केवळ कौतुक करून थांबू नये. मुलीची सुरू झालेली पाळी महिनोन्‌महिने बंद पडली, छातीतून दुधासारखा स्राव आला, तर सांगावे. पाळीच्या पहिल्या दोन वर्षांत थोडी अनियमितता असतेच; दहा दिवस उशीर झाला म्हणून गाठीला दोष देऊ नये. मुलीत आठ वर्षांच्या आत आणि मुलात नऊ वर्षांच्या आत वयात येण्याच्या खुणा दिसल्या, किंवा मुलीत तेरा आणि मुलात चौदा वर्षे उलटूनही दिसल्या नाहीत, तर दाखवावे.

मूल अचानक फार पाणी पिऊ लागले, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठू लागले, पुन्हा अंथरुण ओले करू लागले, तर प्रथम मधुमेह तपासावा. आणि तो नसेल तर पीयूषिकेच्या डॉक्टरांना तातडीने कळवावे. साध्या अ‍ॅडिनोमाने असे सहसा होत नाही. म्हणूनच ते झाले तर ती गाठ वेगळ्या जातीची असावी, अशी शंका घ्यावी लागते. चालताना मूल चौकटीला खांदा आपटते, ओळीच्या टोकाचे शब्द सुटतात, बाजूने आलेला चेंडू दिसत नाही, अशा तक्रारी आल्या तर डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राची तपासणी हवी. आणि पूर्वी कधी नव्हती अशी एकाएकी उठलेली भयंकर डोकेदुखी, उलट्या, दृष्टी अंधुक होणे, मूल गुंगीत जाणे, हे सारे एकत्र आले तर रात्र असो वा पहाट, मोठ्या रुग्णालयात जायचे. गाठीत रक्तस्राव झाल्यावर असे घडते. लहान गाठीत ते दुर्मीळ आहे, पण ठाऊक असावे.

तिसरे काम फक्त ज्येष्ठांनाच करता येते, ते म्हणजे घराण्याचा इतिहास सांगणे. लंडनमध्ये अठराव्या शतकात चार्ल्स बर्न नावाचा एक अतिउंच आयरिश तरुण प्रसिद्ध होता. १७८३ साली तो वारला तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. त्याच्या मर्जीविरुद्ध त्याचा सांगाडा जॉन हंटर या शल्यविशारदाच्या संग्रहात गेला. १९०९ साली हार्वे कुशिंग यांनी त्याची कवटी उघडून पाहिली, तेव्हा पीयूषिकेची खोबण मोठी झालेली आढळली. त्यानंतर शंभर वर्षांनी त्याच्या दातांतून मिळवलेल्या डीएनएमध्ये एआयपी नावाच्या जनुकातील दोष सापडला, आणि २०११ साली तो शोध प्रसिद्ध झाला. उत्तर आयर्लंडमधील आजच्या काही कुटुंबांत तोच दोष आहे; त्यांचा आणि बर्नचा कोणी तरी एक पूर्वज समान होता. म्हणजे एखाद्या मुलाच्या गाठीचे मूळ त्याच्या पणजोबांच्या पिढीत असू शकते. तेव्हा घराण्यात कोणी विलक्षण उंच होते का, कोणाचे हातपाय आणि जबडा प्रौढपणी वाढत गेले का, कोणाला पीयूषिकेची शस्त्रक्रिया झाली होती का, वारंवार मुतखडे आणि रक्तात कॅल्शियम जास्त असा त्रास दोघातिघांना होता का, हे डॉक्टरांना सांगा. मुतखड्याचा येथे काय संबंध, असे वाटेल. पण पीयूषिका आणि कॅल्शियमच्या ग्रंथी या दोन्हींत गाठी करणारा एक आनुवंशिक आजार आहे. बहुसंख्य मुलांच्या घरी यांतले काहीच नसते. तरी ‘नाही’ हे उत्तरही उपयोगाचे असते, आणि ते आजीलाच ठाऊक असते.

राहिला प्रश्न मुलीला सांगण्याचा. आजोबांचा पक्का आग्रह होता, की तिला कळू नये. मी त्यांना विचारले, की तुमच्या वर्गातल्या मुलांपासून तुम्ही किती गोष्टी लपवू शकलात? शेवटी तिला आत बोलावले. एमआरआयच्या चित्रात तिची पीयूषिका दाखवली, त्यातला ठिपका दाखवला, पट्टीवर ४ मिलिमीटर किती ते दाखवले. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, “एवढंच? मग मी कबड्डी खेळू शकते?” खेळू शकते, असे मी सांगितले, इतक्या लहान गाठीसाठी खेळ बंद ठेवण्याचे कारण नाही. मग तिने आजोबांकडे पाहिले. आजोबा खिडकीबाहेर पाहत होते.

शस्त्रक्रियेचा विषय त्यांनी शेवटी काढलाच. मुंबईत कोणी तरी नाकातून दुर्बीण घालून ही गाठ काढतो, असे त्यांना कळले होते. ती शस्त्रक्रिया खरी आहे आणि जेथे गरज असते तेथे फार चांगली आहे. पण निष्क्रिय, लहान, कोणाला न दाबणारी गाठ काढायला जाताना तिच्याभोवतीची निरोगी ग्रंथी दुखावली, तर मुलाला जन्मभर संप्रेरकांच्या गोळ्या आणि इंजेक्शने लागू शकतात. वाढत्या वयात ही किंमत मोठी. अशा गाठींवर नुसती नजर ठेवली असता त्यांतील बहुसंख्य वर्षानुवर्षे तशाच राहतात, काही बारीकही होतात. वाढल्याच, दृष्टिचेतेला भिडू लागल्या, किंवा संप्रेरके बिघडली, तर शस्त्रक्रियेचा मार्ग तेव्हाही खुला असतोच. नजर ठेवल्याने तो बंद होत नाही.

गेल्या महिन्यात ते दोघे पुन्हा आले होते. मुलगी आता पंधरा वर्षांची. या वेळी एमआरआय पहिल्याच केंद्रात काढला होता. ठिपका ४ मिलिमीटरचाच. चौकटीवरच्या खुणांचे आकडे आजोबांनी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून आणले होते. पाळी सुरू झाल्यावर मुलींची उंची जेवढी वाढायची तेवढी वाढली होती. पुढचा एमआरआय दोन वर्षांनी, आणि त्या वेळी तिची कागदपत्रे प्रौढांच्या डॉक्टरांकडे सोपवायची असे ठरले. मुलीच्या गुडघ्याला मात्र भलेमोठे खरचटलेले होते. आजोबांनी पिशवी आवरता आवरता विचारले, की आता धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे लागेल का.